महाबळेश्वरातले चिनी जेवण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरास गेलो होतो. सहकुटुंब म्हणजे सात माणसे: ऐंशी ओलांडलेले आमचे मोठे काका, काकू, आम्ही उभयता, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची सात वर्षांची कन्या. दोन दिवस पॉइंट पाहून झाले, स्ट्रॉबेरी-क्रीम झाले, बाजारपेठेत चपलांचे भाव विचारून झाले. तिसऱ्या दिवशी रात्री कुठे जेवायचे यावर एकमत होईना. काकांना पिठले-भाकरी हवी होती, काकूंना काहीच नको होते. अशा वेळी कुटुंबातील सर्वांत धाकट्या व्यक्तीचे मत निर्णायक ठरते. ती म्हणाली, चायनीज.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सहलीत हा शब्द आता इतका स्वाभाविक झाला आहे की त्याच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. आम्ही ज्या हॉटेलात शिरलो त्याच्या पाटीवर 'प्युअर व्हेज' या बिरुदाखाली पंजाबी, गुजराती, साऊथ इंडियन व चायनीज अशी चार नावे एका ओळीत होती. म्हणजे तीन भारतातील प्रांत आणि चौथा चीन, असा एकंदर भूगोल. दारावर लाल कागदी कंदील, भिंतीवर सोनेरी ड्रॅगन आणि गल्ल्यावर कुलदेवतेची तसबीर. शेजारच्या टेबलावरील गुजराती कुटुंबाने 'जैन मांचुरियन' मागवले. कांदा-लसूण वजा केल्यावर त्या पदार्थात काय उरते हे विचारण्याचे धाडस आम्ही केले नाही.

मेन्यूकार्ड हा वाङ्मयप्रकार आमच्या समीक्षकांनी फार उपेक्षिला आहे. प्रस्तुत कार्डात चिनी पदार्थांची चार पाने होती. त्यांत मांचाव होते, शेजवान होते, हक्का होते, सिंगापुरी होते, अमेरिकन चॉपसुई होती, आणि ज्यात भात, नूडल्स व रस्सा एकाच ताटात येतात ते त्रिपल शेजवानही होते. सूप 'वन बाय टू' करून घ्यायचे, मग एक कोरडा पदार्थ, मग एक ओला, एक भात, एक नूडल्स, आणि सर्वांनी सर्वांतले थोडे थोडे घ्यायचे हा क्रम आमच्या भावजयीने वेटरला इतक्या सराईतपणे सांगितला की लग्नातल्या पंगतीचा वाढपीही चकित व्हावा. कन्येने स्वतःसाठी 'हनी चिली पोटॅटो' मागवला. बटाट्याच्या तळलेल्या कापांवर मिरचीची चटणी व मध घालून केलेला हा पदार्थ चीनमध्ये कोणी या रूपात ओळखणार नाही. काकांनी त्यातला एक काप उचलून डोळ्यांपुढे धरला आणि म्हणाले, "यात चिनी काय आहे?"

प्रश्न उपहासाचा होता. पण त्याचे खरे उत्तर असे की त्या ठिकाणी, त्या डोंगरावर, बटाट्याचा आणि चिनी माणसाचा संबंध त्या हॉटेलाच्या जन्माआधी सुमारे दीडशे वर्षांचा आहे. ते उत्तर आम्हाला त्या रात्री टेबलावर नीट देता आले नाही. ते येथे देतो.

महाबळेश्वरचे क्षेत्र पुराणे, पण थंड हवेचे ठिकाण नवे. लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी १८२४ साली डोंगर चढून आला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा गाव देऊन त्याच्या बदल्यात ही जागा घेतली. बाजारपेठेस माल्कमपेठ हे नाव त्यावरून पडले. जागा मिळाली, हवा मिळाली. आता साहेबाला हवे होते घोडागाडीचे रस्ते, बंगल्याभोवती बाग आणि जेवणात विलायती भाजी. या तिन्ही गोष्टींना मजूर लागतात, आणि पावसाळ्यात जो डोंगर धुक्यात बुडून जातो तेथे बारमाही राबणारे मजूर स्वखुशीने मिळणे कठीण. कंपनी सरकारने त्यावर जो तोडगा काढला तो कंपनी सरकारलाच सुचावा. १८३४ च्या सुमारास महाबळेश्वरास एक तुरुंग बांधण्यात आला. त्यात सुमारे १२० कैद्यांची सोय होती, आणि हे कैदी होते चिनी व मलायी.

सातारा जिल्ह्याच्या १८८५ सालच्या गॅझेटियरात या तुरुंगाची हकीकत आली आहे. पिनांग, मलाक्का व सिंगापूर ही बंदरे तेव्हा कंपनीच्या ताब्यात होती आणि तेथील न्यायालये जन्मठेपेच्या कैद्यांना समुद्रापार धाडीत. समुद्रापार म्हणजे कोठे, तर हिंदुस्थानात. या उलाढालीची गंमत अशी की त्याच काळात हिंदुस्थानातील, त्यात मुंबई इलाख्यातीलही, कैदी सिंगापूर-पिनांगला नेले जात होते आणि तेथील रस्ते, पूल व इमारती बांधीत होते. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल भारतीय कैद्यांच्या हातचे आहे. म्हणजे इकडचा काळे पाणी ओलांडून तिकडे आणि तिकडचा त्याच पाण्यावरून इकडे. दोघांनाही घर दूर, भाषा परकी आणि काम फुकट, हे तत्त्व मात्र एकच. निलगिरीतही हेच घडले. तेथील नडुवट्टमच्या सिंकोना मळ्यांवर चिनी कैदी राबले, सुटल्यावर काहींनी तमिळ स्त्रियांशी संसार थाटले आणि एडगर थर्स्टन या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्या मुलांच्या डोक्यांची मापे घेतली. थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास लिहिताना आपण व्हाइसरॉय आणि गव्हर्नर मोजतो. त्यांच्यासाठी खडी फोडणाऱ्यांची मापे घेण्याचे काम तेवढे थर्स्टनसारख्यांनी केले.

महाबळेश्वरचे कैदी रस्त्यांवर राबले, वेताच्या टोपल्या विणू लागले आणि त्यांनी बागा केल्या. विलायती भाज्या व बटाटा या डोंगरावर रुजला त्यात त्यांचा वाटा मोठा होता. आज तेथील स्ट्रॉबेरीचे श्रेयही पुष्कळदा त्यांच्याच पदरात टाकले जाते. आम्ही स्वतः बटाट्यावरच थांबतो. कन्येच्या ताटलीतील पदार्थात बटाटा होता आणि मध होता. मध हे महाबळेश्वरचे जगजाहीर उत्पन्न, आणि बटाट्याची कथा ही अशी. त्या चार पानी कार्डावर त्याहून अधिक स्थानिक पदार्थ दुसरा नव्हता.

ही माणसे कोण होती? सिंगापूर-पिनांगला येणारे चिनी बहुतेक दक्षिण किनाऱ्याचे, फुजियान व ग्वांगडोंग या प्रांतांचे. घरी दारिद्र्य, म्हणून परमुलखात मजुरीला आलेले. त्यांच्या मायदेशी तेव्हा मांचू घराण्याचे राज्य होते आणि मांचूंच्या हुकुमाने प्रत्येक चिनी पुरुषाला पुढचे डोके भादरून मागे लांब वेणी ठेवावी लागे. वेणी कापणे हा राजद्रोह. 'मांचुरियन' हा शब्द त्यांच्या कानी पडता तर त्यांना भजी आठवली नसती, राजाचा शिपाई आठवला असता.

तुरुंग १८६४ साली बंद झाला. ही तीस वर्षे अन्य कारणांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. १८३९ ते १८४२ व १८५६ ते १८६० ही चीनविरुद्धची दोन अफूयुद्धे याच काळातली. ज्या अफूसाठी ती झाली तिच्यातील माळव्याचा माल मुंबई बंदरातून जहाजांवर चढत होता. आमचे शहर त्या व्यापारावर बाळसे धरीत होते. सर जमशेटजी जीजीभाई यांची दानशूरता मुंबईस पदोपदी दिसते. त्यांच्या नावाचे रुग्णालय १८४५ साली उभे राहिले, आणि त्यांच्या संपत्तीचा मोठा झरा चीनच्या व्यापारात, पर्यायाने अफूतही होता. खाली बंदरात चीनसाठी अफूच्या पेट्या भरल्या जात असताना वर डोंगरावर चिनी माणूस साहेबाच्या ताटासाठी बटाटे लावतो आहे, हे एकाच इलाख्याच्या एकाच काळातले चित्र आहे. पण आमच्या पाठ्यपुस्तकांत अफू एका धड्यात असते, जमशेटजी दुसऱ्या धड्यात, आणि बटाटे लावणारा कोणत्याच धड्यात नसतो.

तो उरला आहे एका नावात. माल्कमपेठेच्या दक्षिणेला, कोयनेच्या खोऱ्याच्या बाजूस, एक धबधबा आहे. तेथे जवळच चिनी कैद्यांच्या बागा होत्या म्हणून त्याला 'चायनामन्स फॉल' म्हणतात. महाबळेश्वरच्या नकाशावरील नावे एकदा सलग वाचून पाहावीत असे आम्ही साहित्याच्या विद्यार्थ्यांना सुचवू. एल्फिन्स्टन, लॉडविक, फॉकलंड हे सारे कोणीतरी नामवंत इसम. आर्थर सीट हे नाव आर्थर मॅलेटवरून. सावित्रीच्या पाण्यात बायको-मूल गमावलेला हा गृहस्थ तेथे बसून दरीकडे पाहत राही असे सांगतात, आणि त्याचे दुःखसुद्धा त्याच्या नावानिशी टिकले. मग दोन नावे निराळी येतात: धोबी फॉल आणि चायनामन्स फॉल. एकाची जात उरली, दुसऱ्याचा देश उरला. विशेषनाम कोणाला मिळते आणि सामान्यनामावर कोणाची बोळवण होते, याचा एवढा उघड नमुना दुसरीकडे सापडणे अवघड.

आता टेबलाकडे परत येऊ. सूप संपत आले होते. ताटल्या बदलण्यासाठी वेटर आला. पंचविशीचा, गोरा, बारीक डोळ्यांचा, नीटनेटका मुलगा. मघापासून त्याच्याकडे टक लावून पाहणाऱ्या आमच्या कन्येने मोठ्याने विचारले, "हे काका चायनाचे आहेत का?"

टेबलावर क्षणभर शांतता झाली. भावजयीने मुलीचा दंड दाबला. तो मुलगा मात्र हसला, आणि बऱ्यापैकी मराठीत म्हणाला, "नाही बाळा, मी दार्जिलिंगचा. तिथे पण असेच पॉइंट आहेत. फक्त तुमच्यापेक्षा थंडी जास्त." भावाने "सॉरी हं" म्हटले. त्यावर तो म्हणाला, "रोज विचारतात, साहेब," आणि ताटल्या घेऊन गेला.

सात वर्षांच्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. तिने कंदील पाहिले होते, ड्रॅगन पाहिला होता, आणि चित्रात जो नव्हता तो चिनी माणूस शोधत होती. दोष द्यायचा तर आम्हा मोठ्यांच्या शांततेला द्यावा लागेल. कारण दार्जिलिंग हे नाव आणि तो चेहरा एकत्र आल्यावर एक जुनी गोष्ट आठवायला हवी होती, आणि ती टेबलावरच्या एकालाही आठवली नाही. काकांना १९६२ आठवले, पण ते निराळे.

काका त्या साली साताऱ्यास कॉलेजात होते. नूडल्स येईपर्यंत त्यांनी ते दिवस सांगितले. २० ऑक्टोबरला चिनी सैन्य चालून आले. रेडिओभोवती गर्दी जमे. संरक्षण निधीसाठी मुले घरोघर फिरली, त्यांच्या आईने हातातली एक पाटली काढून दिली. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला हे वाक्य अवघ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. यशवंतराव आपल्याच भागातले, त्यामुळे सातारकरांची छाती तर अधिकच फुगलेली. हे सांगताना काकांचा आवाज अजूनही कापतो. ती पाटली खरी होती, तो अभिमान खरा होता, आणि जे जवान गारठून मेले तेही खरे होते. त्यातील काहीच आम्हाला उणे करायचे नाही.

पण त्याच नोव्हेंबरात दार्जिलिंग, कालिंपाँग, शिलाँग आणि आसामातील माकुमसारख्या गावांतून पोलिस चिनी वंशाच्या कुटुंबांना घरातून उचलीत होते. पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेली, नेपाळी, असमिया, हिंदी बोलणारी ही माणसे. आणीबाणीच्या वटहुकमांनी आणि भारत संरक्षण कायद्याने असे ठरवले की शत्रुवंशीय असल्याचा संशय हेच अटकेचे पुरेसे कारण. आरोप नको, खटला नको. सुमारे तीन हजार माणसे आगगाडीने राजस्थानातील देवली येथील छावणीत नेण्यात आली. प्रवास आठवडाभराचा. वाटेतील स्थानकांवर जमावाने गाडीवर दगड मारल्याचे आणि अर्धकच्चा भात खाऊन दिवस काढल्याचे त्यांतील अनेकांनी पुढे सांगितले आहे.

"देवळी? वर्ध्याजवळची?" काकांनी विचारले. नाही, टोंक जिल्ह्यातली. वास्तविक तिचे नाव मराठी राजकारणाच्या अभ्यासकाला परके नसावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉम्रेड डांगे, जयप्रकाश नारायण असे राजबंदी याच देवलीत स्थानबद्ध होते. त्यानंतर तेथे जपानी नागरिकांना ठेवले गेले. इंग्रजाने उभी केलेली ती छावणी स्वतंत्र भारताने स्वच्छ झाडून पुन्हा वापरली. या वेळी आत होती ती चांभारकाम करणारी, सुतारकाम करणारी, चहामळ्यात काम करणारी, लाँड्री आणि उपाहारगृहे चालवणारी माणसे, त्यांच्या म्हाताऱ्या आया आणि शाळकरी मुले.

यिन मार्श ही त्यांपैकी एक मुलगी. तिचे वडील दार्जिलिंगात रेस्टॉरंट चालवीत. पोलिस आधी वडिलांना घेऊन गेले, मग तेरा वर्षांची ती, तिचा लहान भाऊ आणि आजी यांना. पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर तिने आठवणी लिहिल्या. सुट्टीत दार्जिलिंगला गेलेली कितीतरी कुटुंबे तिच्या वडिलांच्या टेबलांवर जेवली असतील. जशी आम्ही सात जणे त्या रात्री जेवत होतो. जॉय मा हिचा तर जन्मच देवलीच्या छावणीतला. तिने मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांच्याबरोबर लिहिलेले 'द देवलीवालाज' हे पुस्तक २०२० साली आले. असमियात रीता चौधुरी यांची 'मकाम' ही कादंबरी त्याआधी, २०१० साली, आली होती. म्हणजे घटनेनंतर अर्धशतक होत आले तेव्हा कुठे ती शब्दांत उतरू लागली. छावणीत राहून आलेल्यांनी आपल्या मुलांनाही ती सांगितली नव्हती. वाङ्मयात एखादा अनुभव 'नाही' असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो कोणाच्या तरी घरात दार लावून बसलेला असतो.

१९६३ साली चीनने जहाजे पाठवली आणि सुमारे २,४०० माणसे त्या देशात गेली. त्यांतील अनेकांनी तो आधी पाहिलाही नव्हता. उरलेले हळूहळू सुटले. शेवटचे १९६७ साली. परतले तर घरे-दुकाने लिलावात गेलेली. कलकत्त्यातील ज्यांना देवली घडली नाही त्यांनाही परदेशी म्हणून नोंदणी आणि गाव सोडताना पोलिसांची परवानगी हे सोपस्कार दीर्घकाळ चुकले नाहीत. मग तरुण पिढी कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला निघून गेली. कधीकाळी वीस हजारांच्या आसपास असलेली कलकत्त्याची चिनी वस्ती आता दोन-तीन हजारांवर आल्याचा अंदाज आहे. टोरांटोतील जुन्या स्थानबद्धांनी संघटना करून भारत सरकारकडे एकच गोष्ट मागितली: माफी. पैसे नव्हे.

कलकत्त्याचे नाव निघाले म्हणून त्या वस्तीविषयी थोडे. वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत टाँग अछू नावाच्या चिनी गृहस्थाने हुगळीकाठी जमीन घेऊन साखरेचा कारखाना काढला; त्याच्या नावाचे अछिपूर अजून आहे. मागून कँटनी सुतार आले, हुबेईचे दंतवैद्य आले आणि हक्का आले. 'हक्का' या शब्दाचा अर्थच मुळी 'पाहुणी घराणी'. आपल्याच देशात उत्तरेकडून दक्षिणेत येऊन राहिल्याने त्यांना ते नाव पडले. कलकत्त्यात त्यांनी जोडे शिवले आणि टँगरा भागात कातडी कमावली, कारण ते काम करायला हिंदू समाजातील वरच्या जाती तयार नव्हत्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणास्तव तेथील कारखाने हलवण्याचा आदेश दिला, आणि टँगऱ्याने आपली उपाहारगृहांची बाजू अधिकच वाढवली. तेथे एक चिनी कालीमंदिर आहे. देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात. हक्का नूडल्स मागवताना आपण एका समाजाचे नाव उच्चारतो हे आमच्या टेबलावर कोणास ठाऊक नव्हते. 'कोल्हापुरी' म्हणताना कोल्हापूर निदान नकाशावर तरी आठवते.

याच कलकत्त्याच्या चिनी समाजातील नेल्सन वँग मुंबईस आले. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात कोणी गिऱ्हाइकाने काही नवे मागितले तेव्हा त्यांनी आले, लसूण व हिरवी मिरची बारीक चिरून तेलात टाकली, म्हणजे सुरुवात आपल्या कोणत्याही रश्श्यासारखी केली. मग गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने रस दाट करून कोंबडीचे तुकडे त्यात सोडले. नाव दिले मांचुरियन. मांचुरियाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण नाव भारदस्त आहे. देवलीतून शेवटचा माणूस सुटल्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती.

पुढचा इतिहास वाचकांच्या डोळ्यांसमोरचा आहे. कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, कोबी आला, पनीर आले. पदार्थ पंचतारांकित हॉटेलातून उडप्याकडे, तेथून नाक्यावरच्या लाल गाडीवर आणि तेथून लग्नाच्या बुफेत पोचला. 'शेजवान' चटणी दाबेली-डोशावर चढली. मूळ सिचुआनची ती जीभ बधिर करणारी मिरी वाटेतच गळून गेली. चायनीज भेळ निघाली. गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेने २०२४ साली बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मांचुरियनच्या गाड्यांना मनाई केली. कारण स्वच्छतेचे आणि कृत्रिम रंगाचे दिले होते. जत्रेत बंदी घालावी लागण्याइतका हा पदार्थ आता आपला आहे. त्यात स्वामित्वाचा प्रश्न उपस्थित करण्याचा आमचा हेतू नाही. स्वयंपाकाला पासपोर्ट लागत नाही हे ठीकच आहे. ज्यांनी स्वयंपाक केला त्यांना तो लागला, एवढेच नोंदवायचे आहे.

आणि चेहऱ्यालाही लागतो. २०२० साली करोनाच्या पहिल्या महिन्यांत ईशान्य भारतातील मुलामुलींना आमच्या शहरांच्या रस्त्यांवर काय काय ऐकावे लागले ते त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आहे. "रोज विचारतात, साहेब" या तीन शब्दांत तो वेटर बरेच सांगून गेला होता.

बिल आले, बडीशेप आली. काकांनी त्या मुलाला जवळ बोलावले. आम्हाला वाटले, ते आता साठ वर्षांपूर्वीच्या युद्धाविषयी काही बोलणार. ते म्हणाले, "तुमच्या गावी चिनी माणसांची हॉटेले होती का रे?" तो म्हणाला, "होती, बाबा. आजी सांगायची. चौरस्त्याकडे. मी नाही पाहिली." काकांनी विचारले, "मग कुठे गेली?" मुलाने खांदे उडवले. मग त्यांनी त्याचे नाव विचारले, तो किती दिवसांनी घरी जातो ते विचारले, आणि पाकिटातून शंभराची नोट काढून ती ताटलीत न ठेवता त्याच्या हातात दिली. पाटलीची गोष्ट त्यांनी परत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी उतरण्यापूर्वी आम्ही चायनामन्स फॉलला जायचे ठरवले. टॅक्सीवाला नाखूश होता. मे महिन्यात तेथे पाण्याचा थेंब नसतो, पाहुणे जात नाहीत, त्यापेक्षा मॅप्रोला नेतो म्हणाला. शेवटी नेले. काळ्या कड्यावर पाण्याच्या वाटेची एक ओली रेघ तेवढी होती, खाली करवंदीच्या जाळ्या, समोर कोयनेचे खोरे उन्हात धुरकटलेले. आमच्याखेरीज कोणी नव्हते. कन्येने एकदा डोकावून पाहिले आणि इथे चायनीज लोक राहायचे का, असे विचारले. राहायचे, आम्ही म्हटले. आता कुठे आहेत, या तिच्या पुढच्या प्रश्नाला भाऊ काही उत्तर देत होता. काका काठीवर भार देऊन कड्याच्या टोकाशी उभे होते.

"एकशेवीस माणसे," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. "रात्री त्यांना जेवायला काय देत असतील?"

काकूंनी त्यांना उन्हातून मागे या म्हणून हाक मारली. टॅक्सीवाल्याने गाडी वळवून ठेवली होती.